पहिला सॅक्सोफोन आणि एक्सेलमधला राहिलेला रकाना

आधीच सांगून टाकतो. मी सॅक्सोफोन वाजवतो असं म्हणायची माझी अजून लायकी नाही. मी सॅक्सोफोन शिकतो. वय वर्षं २८, धंदा सॉफ्टवेअरचा, मुक्काम पुणे, गाव नांदेड. याआधी आयुष्यात वाजवलेलं एकमेव वाद्य म्हणजे विष्णुपुरीच्या होस्टेलवर मेसमधलं ताट.

तरीही लिहायचं धाडस करतोय, कारण गेल्या वर्षभरात तिघाचौघांनी विचारलं, "अरे, मलाही घ्यायचाय. पहिला सॅक्सोफोन कुठला घेऊ?" मी त्यांना सांगतो, "आधी तुझ्या गावातला बँडवाला गाठ." लोकांना वाटतं मी गंमत करतोय. मी अजिबात गंमत करत नाहीये. पण हे उत्तर माझ्या डोक्यात शिरायला मला आठ महिने आणि २२ हजार रुपये लागले, त्याची ही गोष्ट.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. रात्री उशिरापर्यंत रिलीजचं काम चालू, कानात जुनी गाणी. 'आराधना' (१९६९) मधला तो सॅक्सोफोन हजारदा ऐकलेला, पण त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हा कुणीतरी माणूस फुंकतोय. कोण? शोधल्यावर मनोहारी सिंग हे नाव सापडलं. 'काश्मीर की कली' (१९६४) मध्येही तेच. पुढे पंचमदांच्या वाद्यवृंदाचे आधारस्तंभ, २०१० साली गेले. त्यांच्यावरून कद्री गोपालनाथ. वडील नागस्वरम वाजवणारे, स्वतः त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हेच वाजवायचं ठरवलं. या परदेशी वाद्यावर कर्नाटक संगीत बसवायला त्यांनी कित्येक वर्षं घातली आणि १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाऊन ते वाजवलं. पहाटे तीन वाजता मी ठरवून टाकलं, आपणही शिकायचं. (पहाटे तीन वाजता घेतलेले निर्णय प्रॉडक्शनवर टाकू नयेत हे मला ऑफिसात माहीत असतं, घरी नसतं.)

मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं. एक्सेल शीट. रकाने असे: ब्रँड, आल्टो की टेनर, किंमत, रेटिंग, धातू, पॉलिश, सोबत काय काय मिळतं, वॉरंटी. एकोणीस ओळी. वेटेड अ‍ॅव्हरेज काढलं. त्यात एक नवाकोरा, चकचकीत, सोनेरी आल्टो पहिला आला. २२ हजार. सोबत केस, गळ्यातला पट्टा, रीडची डबी, पांढरे हातमोजे. हातमोजे कशाला ते आजतागायत कळलेलं नाही. :)

ऑनलाइन मागवला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. खरं तर नाव घेण्याइतकी त्याची ओळखही मला पटलेली नव्हती, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

पुढचे आठ महिने मी काय केलं? फुंकलं. वरचे सूर यायचे, रडके का होईना. खाली उतरायला लागलो की आवाज घरघरायचा, थरथरायचा, नाहीतर उडी मारून वरच्या सप्तकात जायचा. व्हिडिओतला मास्तर म्हणायचा, ओठ सैल सोडा. सोडले. पोटातून श्वास घ्या. घेतला. रोज अर्धा तास, तोही गाडीत काचा बंद करून, कारण या वाद्याचा आवाज कमी करता येत नाही. तो फक्त कर्ण्याच्या तोंडातून येत नाही, उघड्या असलेल्या प्रत्येक भोकातून येतो, त्यामुळे टॉवेल कोंबून उपयोग शून्य. सोसायटीच्या वॉचमनला मी वेडा आहे याची खात्री पटली होती आणि मला मी ढ आहे याची.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. लहान मुलाला वाद्य आलं नाही तर ते म्हणतं, हे वाद्य वाईटे. मोठा माणूस म्हणतो, माझं वय झालं, माझ्यात सूरच नाही, आमच्या घराण्यात कुणी गाणारं नाही. वाईट वाद्याचं खरं नुकसान २२ हजारांचं नसतं. ते वाद्य तुम्हाला तुमच्याबद्दल खोटं सांगतं, आणि खरं-खोटं ओळखण्याइतकं तुम्हाला काही येत नसतं. मी केस कपाटावर ठेवून देणारच होतो.

मग लातूरला मावसभावाचं लग्न निघालं.

पनवेल-नांदेड एक्सप्रेस पुणे, लातूर, नांदेड अशी आमची सगळी नाती एका रुळावर ओवते. लग्न उरकून तसंच पुढे नांदेडला आठवडाभर घरून काम करायचं होतं, म्हणून सॅक्सोफोन सोबत घेतला होता. संध्याकाळी परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, मारुतीच्या देवळाकडे. आजकाल आमच्याकडेही डीजेच असतो, पण मावशीच्या सासऱ्यांचा हट्ट, परण्याला बँडच पाहिजे. आणि त्या बँडमध्ये, लाल कोट घातलेला, साठीच्या आसपासचा एक माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. वाद्याचं पॉलिश पूर्ण उडालेलं. दोन ठिकाणी डाग दिलेले. एक बटण रबर बँडनं धरलेलं. आणि त्यातून खालचे सूर असे येत होते, भरलेले, गोल, तुपासारखे. चालता चालता! गर्दीत! धक्के खात!

लहानपणापासून मी अशा वरातींत नाचलो असेन शंभरदा. त्या रात्री पहिल्यांदा नाचायचं सोडून बघत उभा राहिलो.

जेवणावळीच्या मागे बँडवाले बसले होते तिथे गेलो. काय बोलावं कळेना. "मास्तर, माझ्याकडेपण सॅक्सोफोन आहे," एवढंच बोललो. ते हसले. "इंजिनिअरसाहेब ना तुम्ही? आणा की मग."

आणला. त्यांनी केस उघडली, हात पुसले, वाद्य हातात घेतलं. फुंकायच्या आधी नुसती बटणं दाबून बघितली, कान जवळ नेऊन. मग आपला माउथपीस लावून फुंकला. वरचे सूर आले. खाली उतरले, आणि अगदी माझ्यासारखीच घरघर! माझ्या आयुष्यात इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.

मग त्यांनी माझा माउथपीस मला दिला आणि त्यांच्या त्या डाग दिलेल्या वाद्याला लावून फुंक म्हणाले. फुंकला. खालचा सा आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"तुमचं तोंड बरोबर हाय," मास्तर म्हणाले. "बाजा खोटा हाय. हवा लीक व्हायली."

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईपासून पाचेक मिनिटांवर त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खोलीत अंधार केला आणि गणपतीच्या सजावटीची एलईडी दिव्यांची बारीक माळ सॅक्सोफोनच्या नळीत सोडली. एकेक बटण दाबत गेले. जिथे पॅड भोकावर नीट बसत नव्हतं तिथून उजेडाची चिरी बाहेर पडायची. सहा ठिकाणी पडली. मी आठ महिने वाद्याच्या बाहेर बसून ब्लॅक बॉक्स टेस्टिंग करत होतो. या माणसानं दहा मिनिटांत आत दिवा सोडून बग दाखवला.

दोन पॅड त्यांनी बदलली. पण बटणांचे दांडे इतक्या मऊ धातूचे होते की आज सरळ करावेत तर पुढच्या महिन्यात परत वाकणार. "ह्याच्यावर पैसे घालू नका," म्हणाले. पैसे घ्यायला मात्र तयार नव्हते. "लग्नघरचे पाव्हणे तुम्ही."

तर माझ्या एक्सेलमध्ये एक रकाना नव्हता. "दुरुस्त कोण करणार आणि कुठे?" आपण ऑफिसात कुठलंही सॉफ्टवेअर घेताना आधी विचारतो की सपोर्ट कुणाचा. सॅक्सोफोन म्हणजे वीसहून जास्त झाकणं, त्यांचे दांडे, स्प्रिंगा, बुचाचे आणि चामड्याचे तुकडे, आणि हे सगळं एकमेकांवर अवलंबून. आडोल्फ साक्स नावाच्या बेल्जियन माणसानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे यंत्र असंच नाजूक आहे. अंग पितळेचं असलं तरी आवाज निघतो एका पातळ रीडमुळे, म्हणून जाणकार त्याला बासरी-क्लॅरिनेटच्या कुळात धरतात. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात ते रीड कोरडं पडून टोकाला लाटेसारखं वाकतं, आणि पावसाळ्यात पॅड ओलसर होऊन चिकटतात. असलं वाद्य "घेतलं आणि झालं" असं नसतंच. ते सांभाळावं लागतं, आणि सांभाळणारा माणूस चालत किंवा एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर लागतो.

आता मुद्द्याचं. माझं मत विचाराल तर पहिला सॅक्सोफोन असा निवडावा.

पहिलं, आल्टो घ्या. मनोहारी सिंग आणि कद्री दोघांचंही नाव आल्टोशी जोडलं गेलंय, पण तुमचं कारण साधं आहे: तो साधारण अडीच किलोचा असतो, बोटं ताणावी लागत नाहीत आणि टेनरपेक्षा हवा कमी लागते. सरळ नळीचा सोप्रानो दिसायला सुटसुटीत, पण सुरात ठेवायला महाकठीण. बोटांची रचना सगळ्यांत जवळपास सारखीच, त्यामुळे पुढे टेनरवर जाता येतं. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आल्टोवर 'सी' वाजवला की हार्मोनियमची काळी दोन निघते, आणि टेनरवर काळी पाच. मी मित्राच्या पेटीबरोबर पांढरी एक समजून वाजवत बसलो होतो आणि दोघंही एकमेकांना बेसूर ठरवत होतो. मास्तरांनी एका वाक्यात सोडवलं, "तुमचा सा काळी दोनचा हाय."

दुसरं, नवा-स्वस्त आणि जुना-चांगला यात जुना-चांगला घ्या. यामाहाचा विद्यार्थ्यांसाठीचा नवा आल्टो लाखाच्या वर जातो. परवडत असेल तर बिनधास्त घ्या, त्यात वाद नाही. नसेल परवडत तर त्याच कंपनीचं वापरलेलं जुनं मॉडेल बघा. त्याचे दांडे चांगल्या धातूचे असतात, सुटे भाग मिळतात, आणि सहा महिन्यांत तुमचा उत्साह मावळलाच तर विकताना फार तोटा होत नाही. माझ्या चकचकीत आल्टोला आज कुणी पाच हजारही देत नाही.

तिसरं, मेरठच्या वाद्यांना नाक मुरडू नका, पण हातात घेतल्याशिवाय विकतही घेऊ नका. जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात, नादिर अली अँड कंपनी तर १८८५ पासूनची. देशभरातल्या वराती याच वाद्यांवर निघतात आणि त्यांची दुरुस्ती आपल्याकडच्या बँडवाल्यांना पाठ असते. मास्तरांचं म्हणणं असं की त्यात चांगला नग आणि वाईट नग यांत फार फरक असतो. म्हणजे ब्रँड निवडून काम संपत नाही, नग निवडावा लागतो.

चौथं, थोडे पैसे माउथपीस आणि रीडसाठी बाजूला काढा. स्वस्त वाद्यासोबत येणारा माउथपीस बहुतेक वेळा शोभेचा असतो. यामाहाचा फोर-सी नावाचा साधा माउथपीस नवशिक्याला पुरून उरतो. रीड दीड किंवा दोन नंबरची. अडीच-तीनची घेऊन मर्दानगी सिद्ध करायला जाऊ नका, गाल दुखतील. वाजवायच्या आधी रीड भिजवा, नंतर पुसून डबीत ठेवा.

पाचवं, आणि माझ्या दृष्टीनं पहिलं: विकत घ्यायच्या आधी वाजवता येणाऱ्या माणसाच्या हातात ते वाद्य द्या. विकणाऱ्याकडून आठ दिवसांत परत करायची मुभा मागून घ्या. नाही म्हणाला तर तिथेच उत्तर मिळालं. वाजवणाऱ्याला सगळ्यात खालच्या सुरापासून वर जायला सांगा. खालचा सूर हळू फुंकून आला तर वाद्य बंदिस्त आहे. दाबून, रेटून फुंकावं लागलं तर गळती आहे.

याला दोन आक्षेप येतात, तेही सांगतो. एक मित्र म्हणाला, "बँडवाले कानावर वाजवतात, त्यांची पद्धत चुकीची असते, नोटेशन येत नाही. चुकीचं वळण लागेल." असेल. मास्तरांना नोटेशन थोडंफारच येतं हे ते स्वतःच सांगतात. पण मी त्यांच्याकडून जॅझ शिकत नाहीये. वाद्य बरं आहे की आजारी, हे त्यांच्याइतकं मला कुणीही सांगू शकलेलं नाही. नोटेशन मी पुण्यात एका सरांकडे शिकतो. दोन माणसं, दोन कामं. दुसरा म्हणाला, "पुण्या-मुंबईत दुकानं आहेत, धोबी तलावला फुर्टाडोज आहे, तिथे जा की." जरूर जा. पण जो नांदेडला किंवा उदगीरला बसलाय, त्यानं एका पॅडसाठी दर वेळी रात्रभर प्रवास करायचा का?

आता जरा अवघड गोष्ट. हा माणूस मला आठ महिने आधी का भेटला नाही? लातुरात माझं आजोळ. नांदेडात वजिराबादच्या रस्त्यानं शाळेत जाताना बँडच्या पाट्या रोज वाचायचो. सॅक्सोफोन शिकायचं ठरवल्यावर मी अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ बघितले, जपानी कंपनीची माहितीपत्रकं वाचली, एकोणीस ओळींचं शीट केलं, आणि ज्या वाद्याचा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय ते वाजवणारी माणसं माझ्या गावात आहेत हे मला एकदाही सुचलं नाही.

सुचलं नाही, कारण सुचू नये अशीच आपली घडण आहे. हलगी आणि सनई परंपरेनं मातंग समाजाकडे. आमच्या भागातल्या कितीतरी बँडमध्ये त्याच घरांतली आणि मुसलमान घरांतली माणसं दिसतात. आपण त्यांच्या पुढे नाचतो, त्यांच्यावर नोटा ओवाळतो आणि सगळ्यात शेवटी त्यांना जेवायला बसवतो. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन ही कला, आणि मास्तरांचा सॅक्सोफोन म्हणजे "वाजंत्री". वाद्य तेच. मी सॅक्सोफोन घेतला हे कळल्यावर पप्पांचं पहिलं वाक्य होतं, "इंजिनिअरिंग कशाला केलं मग? बँडवाला व्हायचं होतं का?" तेव्हा मी चिडून म्हणालो होतो, "पप्पा, हे जॅझचं वाद्य आहे, बँडचं नाही." आज त्या वाक्याची मला लाज वाटते. पप्पांच्या वाक्याची कमी, माझ्या वाक्याची जास्त.

मास्तरांच्या बँडला पूर्वी लग्नसराईत एका दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असायच्या. आता डीजेमुळे महिन्याला चार मिळाल्या तरी बरं. त्यांच्या मुलानं बँड धरला नाही, तो मालवाहू टेम्पो चालवतो. म्हणजे अजून दहा वर्षांनी माझ्यासारखा कुणी लातुरात बिघडलेला सॅक्सोफोन घेऊन फिरला, तर नळीत दिवा सोडणारा माणूस त्याला सापडेलच असं नाही. म्हणून म्हणतो, ज्यांना शिकायचंय त्यांनी आत्ताच जावं. आणि फुकट जाऊ नये. आपण कन्सल्टंटला तासाचे पैसे देतो, तसे यांनाही द्यावेत. मास्तर पहिल्यांदा "पाव्हणे" म्हणाले म्हणून सुटलो, दुसऱ्या खेपेला मी ऐकलं नाही. आता ठरलेली फी आहे, महिन्यातून एका शनिवारी दोन तास.

शेवट सांगतो. पुण्यात एकाकडे यामाहाचा जुना आल्टो मिळाला, ५५ हजार, आठ दिवसांच्या बोलीवर. तो घेऊन रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी मास्तरांच्या दारात. माळ सोडली, दोन ठिकाणी उजेड दिसला. दोन पॅड, एक स्प्रिंग, बुचाचा एक तुकडा. "घ्या, हा खरा हाय," म्हणाले. तेव्हापासून माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात नांदेडला घरी होतो. संध्याकाळी गच्चीवर एक जुनी चाल वाजवत होतो, हळू, चुकत चुकत. पप्पा पाण्याची टाकी बघायला म्हणून वर आले. टाकी भरलेली होती. तरी थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्या लग्नात हे वाजवलं होतं बँडवाल्यानं." मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? पप्पांनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. त्यांना आठवेना.